शरणपूर कोणाचे?

मिशनरी म्हणजे साम्राज्यशाहीचा दलाल आणि देशी ख्रिस्ती म्हणजे त्या दलालाने विकत घेतलेला माणूस, हे समीकरण संघपरिवाराने मांडले तर त्यात नवल नाही. त्याचे राजकारणच त्यावर उभे आहे. नवल वाटते ते याचे की, थोड्या सभ्य भाषेत हेच समीकरण आपल्या समाजवादी वर्तुळातही बिनदिक्कत वावरत असते. मुलांना मिशनच्या शाळेत घालताना किंवा आईला मिशनच्या दवाखान्यात दाखल करताना ते कोणाला आठवत नाही. परंतु खेड्यातल्या महार-मांग ख्रिस्ती कुटुंबाच्या सवलतींचा प्रश्न निघाला, चर्चच्या जमिनीच्या विक्रीचा प्रश्न निघाला, की ‘तो त्यांचा अंतर्गत मामला’ असे म्हणून आपण मोकळे होतो. या मोकळे होण्याची किंमत कोणी मोजली, हे पाहायला फार दूर जायला नको. नाशिकचा गंगापूर रोड त्यासाठी पुरेसा आहे.

अशोक स्तंभापासून पश्चिमेकडे निघणारा हा रस्ता आज नाशिकच्या सुबत्तेचा आरसा मानला जातो. कॉलेजे, रुग्णालये, उंच इमारती, मोटारींची दालने, आणि पुढे द्राक्षांचे मळे व धरण. या रस्त्यावर आणि त्याच्या आसपास जमिनीचा एक एक गुंठा कोणत्या भावाने जातो, हे साथींना सांगायला नको. या गंगापूर रोड आणि त्र्यंबक रोड यांच्या मधल्या पट्ट्यात शरणपूर आहे. शहर वाढत वाढत आले आणि शरणपूर त्याच्या पोटात गेले. उरले ते एका रस्त्याचे नाव, एक चर्च, एक दफनभूमी आणि काही जुनी घरे. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या शंभर माणसांना विचारा की, हे ‘शरण’ कोणी कोणाला दिले होते. उत्तर देणारे पाच निघाले तरी पुष्कळ.

इंग्लंडच्या अँग्लिकन पंथाची चर्च मिशनरी सोसायटी, म्हणजे जुन्या मराठी ख्रिस्ती लोकांच्या तोंडची सी.एम.एस., नाशिकला १८३२ साली आली. पेशवाई बुडून अवघी चौदा वर्षे झाली होती. फॅरर आणि मिचेल या पाद्र्यांनी गोदाकाठच्या या क्षेत्री शाळा काढल्या आणि प्रवचने केली. परंतु क्षेत्रोपाध्यांच्या नगरीत त्यांचे ऐकून बाप्तिस्मा घेणारे बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. जो घेई तो त्याच क्षणी घराला, जातीला, विहिरीला आणि धंद्याला मुके. या बहिष्कृतांना राहायला जागा आणि हाताला काम हवे, म्हणून विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने १८५४ च्या सुमारास शहराबाहेर एक ख्रिस्ती गाव वसवले. त्याचेच नाव शरणपूर. तेथे अनाथ मुलांचे आश्रम होते, उद्योगशाळा होती, शेती होती, प्रार्थनामंदिर होते. हिंदू समाजाने ज्यांना हाकलले त्यांना कोणीतरी छप्पर दिले, ही गोष्ट प्रथम स्वच्छपणे मान्य केली पाहिजे. ज्यांनी हाकलले त्यांच्या वारसांनी आज छप्पर देणाऱ्याचा हेतू तपासत बसावे, यात मोठा विनोद आहे.

याच शरणपुरात एक अशी वस्ती होती की जिची हकीकत आपल्या अभ्यासवर्गांत कधी सांगितली जात नाही. हिंदी महासागरात गलबतांवरून आफ्रिकी माणसांचा व्यापार चाले. ब्रिटिश आरमार ती गलबते पकडी आणि सुटका झालेल्यांपैकी काहींना मुंबईला उतरवी. त्यांतली मुले १८६० पासून शरणपूरला येऊ लागली. ‘आफ्रिकन असायलम’ असे त्या संस्थेचे नाव. तेथे ती सुतारकाम, लोहारकाम, वाचणे-लिहिणे आणि बायबल शिकली, मराठी अनाथ मुलांच्या शेजारी वाढली. त्यांची जन्मनावे मागे पडली आणि जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरर अशी नावे त्यांना चिकटली. १८६६ साली डॉ. लिव्हिंग्स्टन अखेरच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्याच्याबरोबर यांतले नऊ तरुण गेले. १८७२ मध्ये त्याच्या मदतीसाठी आणखी काही धाडले गेले. इंग्रजी कागदपत्रांत ते ‘नासिक बॉइज’ म्हणून ओळखले जातात. १८७३ च्या मे महिन्यात मध्य आफ्रिकेतील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. सोबत्यांनी त्याचे काळीज तेथेच पुरले, अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती नाशिकला शिकलेल्या जेकब वेनराइटने, आणि मग चुमा व सुसी यांच्या पुढाकाराने त्यांनी तो मृतदेह शेकडो कोस चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोचवला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटी वाहणाऱ्यांत जेकब होता.

योगायोग असा की, ज्या १८७३ साली हे घडत होते त्याच साली पुण्यात जोतिराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले आणि ते त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. जोतिराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. अहमदनगरला मिस फॅरर यांची मुलींची शाळा पाहून त्यांनी १८४८ मध्ये आपली शाळा काढली, हे सर्वश्रुत आहे. मिशनऱ्यांकडून काय घ्यायचे आणि कोठे थांबायचे, हे या माळ्याच्या मुलाला नेमके कळले होते. त्याने शिक्षण घेतले, समतेचा विचार घेतला. त्यांचा पंथ मात्र घेतला नाही. आपण त्याचे नाव घेतो, पण त्याची ही पारख मात्र घेतली नाही. म्हणून आपल्यापुढे दोनच पर्याय उरतात: मिशनऱ्यांची आरती किंवा मिशनऱ्यांना शिव्या.

आता या आश्रयाची दुसरी बाजू. शरणपुरातले घर मिशनचे, काम मिशनचे, शाळा मिशनची, देऊळही मिशनचे. राहणारा कोण? शरणागत. त्याने कृतज्ञ असावे एवढीच अपेक्षा. पुढे १८७४-७५ मध्ये, मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या आग्रहाने, पूर्व आफ्रिकेत मोंबासाजवळ मुक्त गुलामांची ‘फ्रिअर टाउन’ वसाहत उभी करायचे ठरले, तेव्हा तिचा कारभार प्राइस यांच्याकडेच आला आणि शरणपूरच्या आफ्रिकी मंडळींना तिकडे हलवण्यात आले. काही आनंदाने गेलेही असतील; परंतु बेत आखणारे ते नव्हते. तेथे हे ‘बॉम्बे आफ्रिकन’ शिक्षक झाले, उपदेशक झाले, कारागीर झाले. त्यांना इंग्रजी येत होते, हिंदुस्थानी येत होते, पवित्र शास्त्र तोंडपाठ होते. आणि तरीही गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा त्यांचा पगार कमी, दर्जा कमी, शब्दाला किंमत कमी. त्यांनी त्याबद्दल तक्रारी केल्या. १८८० च्या सुमारास त्या वसाहतीच्या गोऱ्या अधीक्षकाने दिलेल्या फटक्यांच्या शिक्षांचा इतका बोभाटा झाला की चौकशी करावी लागली. म्हणजे गुलामांच्या गलबतावरून सोडवलेल्या माणसांच्या वसाहतीत चाबूक परत आला! विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे दोघे १८६४ पासून त्या किनाऱ्यावर राबत होते. त्यांना दीक्षा देऊन ‘डीकन’ केले ते १८८५ मध्ये. एकवीस वर्षे.

येथे काही साथी म्हणतील की, वसाहतवादी संस्थेकडून दुसरी अपेक्षा काय करणार? परंतु गंमत अशी की, याच सी.एम.एस.चा १८४१ ते १८७२ या काळातला कार्यवाह हेन्री व्हेन लंडनमध्ये बसून वेगळेच लिहीत होता. देशी मंडळी स्वावलंबी, स्वशासित आणि स्वयंप्रसारक झाली पाहिजे, आणि ती तशी झाली की मिशनने आपले विसर्जन करून पुढच्या मुलखात जावे, असे त्याचे सूत्र होते. सूत्र उत्तम होते. अडचण एवढीच की, विसर्जनाचा मुहूर्त ठरवण्याचा अधिकार मिशनच्याच हाती होता. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने ती आपणहून सोडण्याची तिथी पंचांगात कधी सापडत नाही. हे आपल्या सहकारी साखर कारखान्यांकडे पाहूनही कळण्यासारखे आहे.

मराठी मुलखातील प्रोटेस्टंट मंडळ्यांचा इतिहास याच दुखण्याचा इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईला आले, १८३१ मध्ये अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) गेले. १८५४ साली, म्हणजे शरणपूर वसत होते त्याच सुमारास, त्या मिशनने हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळकपदाची दीक्षा दिली. दोघेही थोर गृहस्थ आणि दोघेही ब्राह्मण. पुढे गावोगावी मंडळ्या उभ्या राहिल्या त्या मात्र महारवाड्यांत आणि मांगवाड्यांत. त्या मंडळ्या चालवणारा माणूस होता गावचा उपदेशक. सकाळी शाळा, दुपारी आजाऱ्याची विचारपूस, संध्याकाळी भजन, रविवारी उपासना. पाटलाने वेठीला धरले तर मामलेदाराला अर्ज लिहून देणेही त्याच्याचकडे. त्याच्या जोडीला ‘बायबल बाई’ असे, ती घरोघर जाऊन बायकांना अक्षरे आणि वचने शिकवी. या दोघांना शिकवण्यासाठी बायबल शाळा, प्रशिक्षणवर्ग आणि सेमिनऱ्या निघाल्या. अहमदनगरला रॉबर्ट ह्यूम यांनी १८७८ मध्ये ईश्वरविज्ञानाची शाळा काढली. वऱ्हाडात फ्री मेथडिस्ट मिशनने काम मांडले. त्यांच्या बायबल शाळेच्या पायावर यवतमाळला १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली आणि १९८३ मध्ये ती पुण्याला गेली.

या प्रशिक्षणाला नावे ठेवणे सोपे आहे. परंतु एक गोष्ट विसरता येत नाही. ज्या जातीच्या कानावर वेदाचा शब्द पडणे पाप मानले जात होते, त्या जातीतल्या पुरुषाच्या आणि बाईच्याही हाती एक अख्खा धर्मग्रंथ मराठीत देऊन ‘वाच, आणि दुसऱ्याला समजावून सांग’ असे म्हणणे, ही क्रांतीच होती. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत सबंध बायबलाचे भाषांतर केले. ते त्यांच्या मागे १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच्या छपाईचे काम मुक्तिसदनातल्या बायकांनी केले. हे काम कोणत्याही शंकराचार्याने केलेले नाही. दोष शिकवण्यात नव्हता. दोष असा की, शिकवलेला माणूस कायमचा पगारी नोकर राहिला. वाचन त्याला दिले. निर्णय दिला नाही. कोणत्या गावी शाळा चालवायची, कोणती बंद करायची, कोणाला काढायचे, कोणती जमीन घ्यायची, हे सारे साहेबांच्या बैठकीत ठरे. नारायण वामन टिळकांसारखा कवी आणि दीक्षित पाळक याच व्यवस्थेत गुदमरला. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही तेथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बसू शकतील अशी त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार मोडला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या गंगापूर रोडने गेल्यावर लागणाऱ्या जलालपूरच्या. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ आपण सारे मोठ्या प्रेमाने वाचतो, सोवळ्याच्या हकीकतींना खळखळून हसतो आणि पुस्तक मिटतो. त्या पुस्तकातल्या समाजाचे पुढे काय झाले, हे विचारायचे मात्र राहून जाते.

‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा आजही ऐकू येतो. तो आपल्या कार्यकर्त्यांच्या तोंडी आला की विशेष बोचतो. १८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनची खेडी ओस पडली. नगर जिल्ह्यात त्या वर्षांच्या पाठोपाठ बाप्तिस्म्यांची संख्या भराभर वाढली, हे खरे आहे. पण भुकेल्या माणसाने जेथे भाकरी आणि पंगतीत जागा मिळते तेथे जावे, यात लाज त्याची की ज्या गावाने त्याला मेलेले ढोर ओढायला लावून वर उपाशी ठेवले त्या गावाची? आपण भौतिकवादी म्हणवतो; भूक हे इतिहास घडवणारे कारण आहे असे अभ्यासवर्गात शिकवतो. मग महाराची भूक तेवढी लाचारी, आणि गिरणीकामगाराची भूक तेवढी वर्गजाणीव, हा न्याय कोठला?

१९२९ साली नाशिक हा अँग्लिकन चर्चचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पहिले बिशप इंग्रजच होते, फिलिप लॉइड. पुढच्याच वर्षी, २ मार्च १९३० रोजी, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. एकाच शहरात एका देवळाच्या दाराशी दादासाहेब गायकवाडांसह हजारो अस्पृश्य उभे होते, आणि मैलभर अंतरावर दुसऱ्या देवळात त्याच जातींतून आलेली माणसे आत बसली होती. मात्र त्या देवळाच्या मालकीत त्यांचा वाटा नव्हता. १९३२-३३ मध्ये नाशिक रोडच्या तुरुंगात जयप्रकाश, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे यांनी काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना घडवली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले. १९४८ च्या मार्चमध्ये समाजवाद्यांनी काँग्रेस सोडली तीही नाशिकच्याच अधिवेशनात. आपल्या चळवळीची नाळ या शहरात पुरलेली आहे असे आपण अभिमानाने म्हणतो. शरणपूर त्या सर्व काळात तेथेच होते. आपल्याला ते दिसले नाही.

बाबासाहेबांना मात्र दिसले होते. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांविषयी त्यांनी जे लिहून ठेवले ते मिशनऱ्यांना सुखावणारे नाही. मिशनच्या शाळा-इस्पितळांचा लाभ मुख्यतः वरच्या जातीच्या हिंदूंनी उठवला, गरीब ख्रिस्ती तसाच राहिला, चर्चमध्येही जात शिल्लक राहिली, आणि हा समाज राजकीय हक्कांसाठी उभा राहत नाही, असे त्यांचे आक्षेप होते. ही टीका शत्रूची नव्हे. आश्रय आणि अधिकार यांतला फरक ज्याला रक्तातून कळला होता त्याची आहे.

स्वातंत्र्यानंतर या समाजावर दोन बाजूंनी घाव पडला. पहिला घाव सरकारने घातला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीतून बाहेर ठेवले. १९५६ मध्ये शिखांचा अपवाद झाला, १९९० मध्ये बौद्धांचा. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. एकाच महारवाड्यातील दोन सख्खे भाऊ, एक बौद्ध झाला, दुसऱ्याचा आजा उपदेशकाच्या शाळेत जाऊन ख्रिस्ती झाला. गाव दोघांनाही त्याच नजरेने पाहते, सरकार मात्र एकाला दलित मानते आणि दुसऱ्याला नाही. मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला चपला शिवणाऱ्या सूसै नावाच्या चर्मकाराने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला होता. सरकारने त्याच्या शेजारच्या चर्मकारांना टपऱ्या फुकट दिल्या, त्याला दिली नाही, कारण तो ख्रिस्ती. ख्रिस्ती झाल्यावरही तितकाच जातीय जाच होतो हे पुराव्याने दाखवलेले नाही, असे म्हणून न्यायालयाने १९८५ मध्ये त्याची याचिका फेटाळली. रस्त्यावर बसून चपला शिवतो, याहून कोणता पुरावा त्याने आणायचा होता?

आणि येथे आपल्याच घरात बोट दाखवणे भाग आहे. १९९० मध्ये बौद्धांना न्याय मिळाला तो विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारकडून. त्या मंत्रिमंडळात मधु दंडवते होते, जॉर्ज फर्नांडिस होते. मंडलचा निर्णय घेण्याचे धैर्य त्याच सरकारने दाखवले. मग त्याच कायद्यात आणखी दोन शब्द का पडले नाहीत? बौद्धांनी त्यासाठी चौतीस वर्षे वाट पाहिली होती, लढे दिले होते, त्यांच्यामागे बाबासाहेबांचे नाव आणि संघटित मते होती. ख्रिस्ती दलितांमागे काय होते? एक बिशप, एक निवेदन आणि नाताळच्या शुभेच्छा. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने अनुसूचित जातीच्या दर्जाची धर्माशी घातलेली सांगड काढून टाकावी अशी शिफारस केली. तिच्यावर धूळ बसली. २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा नवा आयोग नेमला गेला. आयोगामागून आयोग नेमणे ही आपल्याकडे निर्णय टाळण्याची सर्वांत सुसंस्कृत रीत आहे.

काही बौद्ध मित्रांना भीती वाटते की, ख्रिस्ती आले तर आहे त्याच भाकरीचे आणखी तुकडे होतील. भीती खोटी नाही. राखीव जागा कमी, सरकारी नोकऱ्या त्याहून कमी. परंतु २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी. आणि त्यांत वसई-मुंबईकडचे कॅथलिक बहुसंख्य. गावोगावच्या दलित ख्रिस्ती माणसाला घेतल्याने कोणाचे ताट रिकामे होणार नाही. ताटे रिकामी केली ती कंत्राटी भरतीने आणि खासगीकरणाने. लढायचे तर त्याच्याशी लढावे.

दुसरा घाव घरातूनच पडला. मिशनरी गेले, तेव्हा त्यांच्या जमिनी, बंगले, शाळा आणि दवाखाने कोणाकडे गेले? मंडळीकडे नव्हे, विश्वस्त संस्थांकडे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला अँग्लिकन, काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरेन आणि डिसायपल्स अशा पंथांनी एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन केली. पंथभेद मिटवण्याचे ते पाऊल मोठे होते. शरणपूरचे सी.एम.एस.चे वंशज आणि नगरच्या अमेरिकन मिशनचे वंशज एका मांडवाखाली आले. परंतु मालमत्तेचा गुंता त्याने सुटला नाही, उलट वाढला. गुजरातमधील ब्रदरेन मंडळीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्णय दिला की, विलीनीकरणाचा ठराव झाला एवढ्याने नोंदणीकृत विश्वस्त व्यवस्थेची मालमत्ता नव्या चर्चची होत नाही. अशा वादांत पिढ्या खपतात. वकील श्रीमंत होतात, दवाखाने बंद पडतात, वसतिगृहांची कौले फुटतात आणि मंडळीतल्या माणसाला आपल्याच वाडवडिलांच्या अंगणात बांधकामाचा पत्रा ठोकलेला दिसतो तेव्हा विक्रीची बातमी कळते. साहेबाची खुर्ची रिकामी झाली. तिच्यावर आपला माणूस बसला. खुर्ची तीच राहिली.

हा चर्चचा अंतर्गत मामला आहे काय? शरणपूरची जमीन ज्यांच्या नावाने मिळाली ते लोक अनाथ होते, बहिष्कृत होते, दुष्काळाने पिटाळलेले होते, गुलामांच्या गलबतावरून सोडवलेले होते. ती एखाद्या संस्थानिकाची खासगी दौलत नव्हे. सहकारी संस्थेत सभासदाला मत असते, ग्रामपंचायतीत गावकऱ्याला मत असते. मग मंडळीच्या जमिनीच्या व्यवहारात मंडळीतल्या माणसाला मत का नसावे? धर्मस्वातंत्र्य म्हणजे धर्मगुरूला हिशेबापासून स्वातंत्र्य नव्हे. देवस्थानांच्या इनामी जमिनींबाबत आपण जे म्हणतो, वक्फच्या जमिनींबाबत जे म्हणायला हवे, तेच येथेही म्हटले पाहिजे. आणि ते म्हणताना हिंदुत्ववाद्यांच्या कळपात उभे राहायचे नाही, एवढी सावधगिरी बाळगायची. त्यांना ही जमीन मंडळीला द्यायची नाही. त्यांना मंडळीच नको आहे. १९५६ चा नियोगी समितीचा अहवाल तेव्हाच्या मध्य प्रदेशचा, ज्यात आपले वऱ्हाड-नागपूर होते, आजही त्यांच्या हाती शस्त्र म्हणून आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायद्याचा विचार करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. माणसाच्या अंतःकरणातील श्रद्धेची तपासणी पोलिसांकडे! ज्या जिल्ह्यात येवल्याची घोषणा झाली, त्या जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना या समितीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नसावी. धर्म बदलायला आधी जिल्हाधिकाऱ्याला अर्ज द्या, असा कायदा १९३५ साली असता तर बाबासाहेबांनी अर्ज कोणाकडे द्यायचा होता?

म्हणून पक्षापुढे मागणी ठेवायची ती एकत्रितच ठेवावी लागेल. १९५० च्या आदेशातील तिसरा परिच्छेद रद्द व्हावा, ही मागणी जाहीरनाम्याच्या शेवटच्या पानावर ‘अल्पसंख्याक’ या मथळ्याखाली न टाकता दलितांच्या प्रश्नात घ्यावी. धर्मांतरविरोधी कायद्याला विरोध करताना चर्चच्या कारभारातील लोकशाहीचा आग्रहही त्याच व्यासपीठावरून धरावा. एक बोलायचे आणि दुसरे गिळायचे, असे केले तर दोन्हींचा विश्वास जाईल.

नाशिकच्या साथींसाठी काम हाताशीच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे कोणत्याही सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकायला, किंवा शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि इतर जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. या परवानगीचे अर्ज येतात, सुनावण्या होतात, आणि बहुतेक वेळा हरकत घ्यायला कोणी हजर नसते. शरणपूर रोड, गंगापूर रोड आणि जिल्ह्यातील मनमाड-मालेगावच्या जुन्या मिशन आवारांची यादी करावी. मंडळीतल्या शिक्षकांना, परिचारिकांना, रिक्षावाल्यांना बरोबर घेऊन सात-बारा आणि मिळकतपत्रिका काढाव्यात. आणि पुढच्या सुनावणीला मंडळीचे सभासद हरकतीचा अर्ज घेऊन उभे असतील तेव्हा त्यांच्या शेजारी आपला वकील उभा असावा.